सर्व्हर ३ चे १४ झाले, बॅकअपसाठी आता काय लावू?

पऱ्हाटी_१४
भाऊ लोकहो, मी पांढरकवड्याचा, जिनिंगवाल्यांचं अन दोन पतसंस्थांचं कंप्युटरचं काम पाहतो. आधी ३ सर्व्हर होते तवा क्रॉनमधे (ठरल्या वेळी काम चालवते ते) आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) लावून रात्री यूएसबी डिस्कवर टाकत होतो, भागून जाये. आता वणी, घाटंजी, राळेगाव धरून १४ झाले, ९ लिनक्स अन ५ विंडोज टॅलीवाले, डेटा सगळा मिळून ४०० जीबी. मागच्या महिन्यात एका जिनिंगवर हिशोबाची फाइल खराब झाली, अन रात्री आरसिंकनं इमानदारीनं तीच खराब फाइल चांगल्या फाइलीवर चढवली!! बॅक्युला, बोर्ग, रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरबद्दल वाचून वाचून डोकं आउट होऊन रायलं. बजेटचं विचारू नका, मालक कापसाचा भाव पाहून बोलते.

कापूसकोंड्या
ते बॅकअप नव्हतंच ना बे, ती कॉपी होती. जुनी आवृत्ती ठेवत नसाल तर काय कामाचं. बॅक्युला दमदार आहे, टेपवर पण लिहिते, पण डायरेक्टर वेगळा, स्टोरेज डेमन (मागं चालत राहणारा प्रोग्राम) वेगळा, दर मशीनवर फाइल डेमन, वरून कॅटलॉगचा डेटाबेस. एकट्या माणसाचं काम नाही. बोर्ग मस्त, मी स्वतः वापरतो, पण विंडोजवर त्याचा अधिकृत सपोर्ट नाही, तुझे ५ टॅलीवाले तिथंच अडकतीन.

वऱ्हाडी_रूट
रेस्टिक लाव. दोन्हीकडं चालते, सगळ्या मशीन एकाच रिपॉझिटरीत (बॅकअपच्या कोठारात) टाकल्या तरी सारखा डेटा एकदाच ठेवते. विंडोजवर `--use-fs-snapshot` लाव म्हणजे टॅली चालू असली तरी फाइल वाचता येते, फक्त अॅडमिन म्हणून चालव. अन मायएसक्यूएल असंल तर आधी डंप काढ (डेटाबेसची फाइलीत नक्कल), चालत्या डेटाबेसच्या फाइली उचलू नको. बॅकअप ठेवायच्या सर्व्हरवर रेस्ट-सर्व्हर (रेस्टिकचे बॅकअप जमा करून घेणारा प्रोग्राम) `--append-only` मधे ठेव, म्हणजे जिनिंगच्या मशीनवर रॅन्समवेअर (फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस) आला तरी त्याले जुने बॅकअप पुसता येत नाही. जुनं छाटायचं काम मग सर्व्हरवर बसूनच करा लागते.

पऱ्हाटी_१४
पण लाइनचं काय? अपलोड १० एमबीपीएस, अन ते बी लाइट असली तर.

वऱ्हाडी_रूट
१० एमबीपीएस म्हणजे तासाले साडेचार जीबी, ४०० जीबीले जवळपास पावणेचार दिवस, अन तुह्याकडं लाइट जाईन ते वेगळं. पहिला बॅकअप लाइनवर पाठवूच नको. जिनिंगवर जाऊन डिस्कवर घे, थैलीत टाक, यष्टीनं पांढरकवड्याले आण अन सर्व्हरवर उतरव, रिपॉझिटरी म्हणजे शेवटी फाइलीच आहे. नंतर रोजचं बदललेलं तेवढंच जाते. मधात लाइट गेली तर पुन्हा चालव, चढलेलं बहुतेक परत पाठवत नाही. रेस्टिक चालताना रिपॉझिटरीले लावते ते कुलूप अडकलं तर `unlock` मार, पण आधी पाहून घे का दुसरं कोणी चालू नाही.

बाई_टर्मिनलवाली
सॉफ्टवेअर कोणतंही घ्या हो, पासवर्ड कागदावर लिहून दोन जागी ठेवा. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर कोणीच उघडून देत नाही. माझ्याकडे सहा महिने हिरवा टिक येत होता, रिस्टोर करायला बसले तर डंपची फाइल शून्य बाइटची, डिस्क भरलेली होती अन स्क्रिप्ट एरर पाहतच नव्हती. तवापासून महिन्यातून एकदा जुन्या लॅपटॉपवर एक तरी मशीन उतरवून पाहते. अन बॅकअपची डिस्क जिनिंगमधे ठेवू नका, रुईले आग लागली तर सर्व्हर अन डिस्क सोबतच जाईन.

पऱ्हाटी_१४
धन्यवाद ताई, शनिवारी घाटंजीचं टॅली उतरवून पाहतो. डिस्क २ टीबीची पुरंल का?

कापूसकोंड्या
४ ची घे बे.