अमेरिकेतील कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या वस्त्या : तुलना कशाच्या आधारे करावी?

प्रश्न : नकाशावाचक

नमस्कार. नागरी समाजशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी अमेरिकेतील कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या वस्त्यांचा अभ्यास करीत आहे. या समाजाविषयी मराठीत जे लेखन माझ्या वाचनात आले, ते बहुतेक दारिद्र्य आणि गुन्हेगारी यांपाशीच थांबते. शिक्षक, टपाल कर्मचारी, परिचारिका, सरकारी अधिकारी, वकील यांनी दोन-तीन पिढ्या राखलेल्या वस्त्यांविषयी मात्र फारसे काही हाती लागत नाही.

मेरिलंडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटी (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग), अटलांटाचा नैर्ऋत्य भाग, शिकागोतील चॅटम आणि लॉस एंजेलिसजवळील व्ह्यू पार्क अशी चार ठिकाणे मी निवडली आहेत. कुटुंबांचे उत्पन्न, घरमालकीचे प्रमाण आणि पदवीधरांची टक्केवारी यांचा तक्ता मांडून झाला, आणि तेव्हा ध्यानात आले की त्यातून या ठिकाणांचे वेगळेपण जराही उमगत नाही. शिवाय एकीकडे साडेनऊ लाखांहून अधिक लोकवस्तीची काउंटी आणि दुसरीकडे टेकडीवरची एक लहानशी वसाहत, यांना एकाच तागडीत घालणे कितपत योग्य, ही शंका आहेच. तेथे राहिलेल्या किंवा या विषयाचा अभ्यास असलेल्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : पूर्वकिनारा

आपण तक्त्यावरच समाधान मानले नाही, हे फार बरे झाले. मी सोळा वर्षे प्रिन्स जॉर्जेस काउंटीत राहत आहे, त्यामुळे तेवढ्यापुरते अधिकाराने लिहितो.

माझ्या मते पहिला प्रश्न असा विचारावा की या कुटुंबांचा पगार कोठून आला. येथे त्याचे उत्तर बव्हंशी केंद्र सरकार हे आहे. जनगणना विभागाचे मुख्यालय सूटलंडला आहे, नासाचे गॉडर्ड केंद्र ग्रीनबेल्टला आहे, अँड्र्यूजचा हवाई तळ याच काउंटीत आहे आणि राजधानी तर शेजारीच आहे. खाजगी कंपन्या कृष्णवर्णीय पदवीधरांना दारातही उभे करीत नव्हत्या त्या काळात सरकारी नोकरीत निदान श्रेणी, बढती आणि निवृत्तिवेतन यांचे लेखी नियम होते. १९६० च्या दशकातील नागरी हक्क कायद्यांनंतर ती वाट आणखी रुंद झाली. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टने घरविक्रीतील वर्णभेद बेकायदा ठरवल्यावर ही कुटुंबे वॉशिंग्टन शहराची हद्द ओलांडून पूर्वेकडे सरकू लागली. १९७० मध्ये काउंटीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते, १९९० पर्यंत ते ५० टक्क्यांच्या वर गेले. मधल्या काळात, १९७३ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने गोरी व कृष्णवर्णीय मुले एकत्र शिकावीत म्हणून मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवणे सुरू झाले आणि त्यानंतर गोऱ्या कुटुंबांचे बाहेर पडणे वाढले. अमेरिकेत असे घडले की सहसा वस्तीचे सरासरी उत्पन्न घसरते. येथे मात्र वस्तीचा वर्ण बदलत असतानाच उत्पन्न आणि शिक्षण दोन्ही वाढत गेले, आणि माझ्या दृष्टीने या काउंटीचे खरे ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.

दुसरा प्रश्न घराच्या किमतीचा. उत्पन्न सारखे असले तरी घर सारखी संपत्ती निर्माण करीत नाही. ब्रुकिंग्ज संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरांचा दर्जा आणि परिसरातील सोयी जमेस धरूनही बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्त्यांमधील घरांचे मूल्य सुमारे २३ टक्क्यांनी, म्हणजे प्रत्येक घरामागे साधारण ४८,००० डॉलरने, कमी भरते असे आढळले. हा आकडा मी वाचला त्याच्या आधीच त्याचा अर्थ डोळ्यांनी पाहिला होता. आमच्या शेजारच्या बाई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. कर्जाची फेररचना करण्यासाठी घराचे मूल्यमापन व्हायचे होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला शिडी धरायला बोलावले. जिन्याच्या भिंतीवरची पदवीदानाची छायाचित्रे, यजमानांचे लष्करी गणवेशातील छायाचित्र, नातवंडांचे फोटो असे सगळे त्यांनी एकेक करून उतरवले आणि जुन्या चादरीत गुंडाळून आमच्या गॅरेजमध्ये ठेवले. मूल्यमापकाला घर कोणाचे आहे हे कळू नये, एवढाच हेतू होता. भिंतीवर फिकट चौकोन उरले होते, म्हणून त्यांनी रात्री बसून ते रंगवलेही. त्या वेळी मला काय बोलावे ते सुचले नाही, आणि आजही तो जिना चढताना माझी नजर त्या भिंतीकडे जाते.

२००७ नंतरच्या गृहकर्ज संकटात हीच काउंटी मेरिलंडमध्ये सर्वाधिक होरपळली. चांगल्या पगाराच्या लोकांनाही चढ्या आणि बदलत्या व्याजाची सबप्राइम कर्जे गळ्यात मारली गेली होती. तेव्हा आपल्या तक्त्यात उत्पन्नाच्या शेजारी आणखी एक रकाना जोडावा : घर कोणत्या अटींच्या कर्जावर घेतले गेले.

उत्तर : तळ्याकाठी

पूर्वकिनारा यांच्या दोन्ही मुद्द्यांशी सहमत आहे. शिकागो आणि लॉस एंजेलिसबद्दल लिहिते, कारण दोन्हीकडे काही वर्षे काढली आहेत आणि या दोन वस्त्यांपुढची संकटे एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

चॅटम १९५० मध्ये जवळजवळ संपूर्ण गोऱ्यांचे होते आणि १९६० पर्यंत तेथे कृष्णवर्णीय बहुसंख्य झाले. हा बदल सुखाने झालेला नाही. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी १९५६ मध्ये तेथे घर घेतले, तेव्हा त्यांच्या खिडक्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. तरीही विटांचे बंगले, समोर हातभर पण काटेकोर राखलेली हिरवळ आणि प्रत्येक चौकात जागरूक ब्लॉक क्लब (रहिवाशांचे मंडळ) अशी शिस्तबद्ध वस्ती तेथे उभी राहिली. १९६५ मध्ये सुरू झालेली सीवे बँक कृष्णवर्णीयांच्या मालकीची होती आणि परिसराचा आर्थिक कणा मानली जाई. जानेवारी २०१७ मध्ये नियामकांनी ती बंद केली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तरुण पिढी परतत नाही. शिकागो शहरात १९८० मध्ये जवळपास १२ लाख कृष्णवर्णीय होते, २०२० मध्ये ते आठ लाखांच्या खाली आले. काही कुटुंबे अटलांटा, ह्यूस्टन अशा दक्षिणेकडील शहरांत गेली, तर काही दक्षिण उपनगरांत, म्हणजे मॅटसन, ऑलिंपिया फील्ड्स, कंट्री क्लब हिल्स येथे. या उपनगरांत घर मोठे मिळते, पण मालमत्ता कर कंबरडे मोडतो, कारण दुकाने आणि उद्योग निघून गेले की तोच खर्च उरलेल्या घरमालकांवर वाटला जातो. मॅटसनमधील लिंकन मॉल २०१५ मध्ये बंद झाला, तेव्हा गावाच्या महसुलाचा एक मोठा आधार गेला.

व्ह्यू पार्कमध्ये दुखणे वेगळे आहे. तेथील खरेदीखतांमध्ये वर्णभेदी अटी होत्या; १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करता येणार नाही असा निकाल दिला, आणि पुढच्या दोन दशकांत डॉक्टर, वकील, अभिनेते या टेकडीवर राहायला आले. आज घरांच्या किमती दहा लाख डॉलरच्या वर गेल्या आहेत. १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या तेराव्या प्रस्तावामुळे कॅलिफोर्नियात कर घराच्या खरेदीच्या वेळच्या किमतीवर बेतला जातो आणि करासाठी धरलेले मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, म्हणून पूर्वीचे मालक टिकून आहेत. परंतु २०२० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या एकोणिसाव्या प्रस्तावानुसार वारसाला त्या जुन्या कराचा लाभ हवा असेल, तर त्याने स्वतः त्या घरात राहायला आले पाहिजे. ज्यांची मुले दुसऱ्या राज्यात स्थिरावली आहेत त्यांची घरे यामुळे विक्रीला येतात आणि ती विकत घेण्याची ऐपत असलेले बहुतेक जण समाजाबाहेरचे असतात. चॅटममध्ये घर घ्यायला मुलगा येत नाही, व्ह्यू पार्कमध्ये मुलाला ते परवडत नाही.

माझी सूचना अशी की, वस्तीतील घर पुढच्या पिढीच्या हाती जाते का, गेल्यास कोणत्या किमतीला आणि किती करासह, हाच आपल्या तुलनेचा आधार ठेवावा. या कसोटीवर काउंटी आणि टेकडी एका पानावर मांडता येतील.

नकाशावाचक

दोघांचेही मनापासून आभार. घर पुढच्या पिढीकडे जाते का, ही कसोटी मला फार मोलाची वाटते आणि प्रबंधाची मांडणी मी तिच्याभोवतीच करीन. अटलांटाबद्दल कोणी लिहू शकेल का?

उत्तर : जुने_घर

अटलांटाचा धडा वेगळा आहे आणि तो कोलियर हाइट्सपासून सुरू करावा. इतर ठिकाणी कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्यांनी सोडलेल्या घरांत गेली. कोलियर हाइट्समध्ये मात्र १९५० च्या दशकापासून त्यांनी स्वतः जमीन घेतली, कृष्णवर्णीय बिल्डरांनी घरे बांधली आणि सिटिझन्स ट्रस्ट बँकेसारख्या कृष्णवर्णीयांच्याच संस्थांनी कर्जे दिली. २००९ मध्ये या वस्तीची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. मी तेथील एका घरात पाहुणा म्हणून गेलो असता यजमानांनी प्रथम तळघर दाखवले : भिंतींना लाकडी फळ्या, कोपऱ्यात बार, नाचायला मोकळी फरशी. शहरातील हॉटेले आणि सभागृहे त्यांना बंद होती, म्हणून लग्नाचे वाढदिवस, संघटनांच्या सभा, मुलांचे समारंभ सगळे या तळघरांतच होत असे. मध्यमवर्गीय जीवन म्हणजे काय, याचे उत्तर मला त्या तळघरात कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक स्पष्ट मिळाले.

जवळच्या कॅस्केड हाइट्समध्ये डिसेंबर १९६२ मध्ये एका कृष्णवर्णीय डॉक्टरच्या घरखरेदीवरून खळबळ उडाली आणि शहराने पेटन रोड व हार्लन रोडवर चक्क अडथळे उभारले. मार्च १९६३ मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर ते हटवावे लागले, आणि ज्या गोऱ्या रहिवाशांसाठी ते उभारले होते त्यांनी झपाट्याने घरे विकली. पुढे १९७३ मध्ये मेनार्ड जॅक्सन महापौर म्हणून निवडून आले आणि विमानतळाच्या विस्ताराची सुमारे चतुर्थांश कंत्राटे अल्पसंख्याक व्यावसायिकांना मिळावीत असा आग्रह त्यांनी धरला. त्यामुळे येथील मध्यमवर्गात पगारदारांबरोबर कंत्राटदार आणि उद्योजकही आले. सरकारी पगारावर उभ्या राहिलेल्या मेरिलंडशी तुलना करताना हा फरक अवश्य मांडावा. मोरहाउस, स्पेलमन आणि क्लार्क अटलांटा या शिक्षणसंस्था एकमेकींना लागून असल्याने बाहेरगावचे पदवीधरही येथेच स्थायिक होत राहिले.

अलीकडचा भाग राजकीय आहे. २०१७ मध्ये साउथ फुल्टन आणि स्टोनक्रेस्ट ही दोन नवी शहरे स्थापन झाली. साउथ फुल्टनची लोकसंख्या २०२० मध्ये एक लाखाच्या वर होती आणि दहातील नऊ रहिवासी कृष्णवर्णीय आहेत. पोलीस, बांधकाम परवाने आणि जमिनीचा वापर यांचे निर्णय आता तेथील लोकच घेतात. प्रिन्स जॉर्जेसमध्येही बहुतांश सत्ता स्थानिकांच्या हाती आहे. उलट चॅटम हे एका मोठ्या शहराचे केवळ एक अंग आहे आणि व्ह्यू पार्कला स्वतःची नगरपालिकाच नाही, त्याचा कारभार लॉस एंजेलिस काउंटी पाहते. तेव्हा कराचा दर आणि दुकानांना परवानगी कोण ठरवते, हा रकाना कसोटीशेजारी असू द्यावा.

उत्तर : पूर्वकिनारा

जुने_घर यांनी दुकानांचा विषय काढला म्हणून एक भर घालतो. आमच्याकडे उत्पन्न भरपूर असूनही कित्येक वर्षे मोठी किराणा दुकाने येत नव्हती. वूडमोरला वेगमन्स २०१० मध्ये उघडले, तेव्हा लोकांच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता, कारण तोपर्यंत चांगल्या भाजीसाठी काउंटीबाहेर गाडी हाकणे अंगवळणी पडले होते. दुसरे असे की गेल्या काही वर्षांत अनेक कुटुंबे दक्षिणेला चार्ल्स काउंटीत, वॉल्डॉर्फच्या बाजूला, नव्या आणि मोठ्या घरांत गेली आहेत आणि बहुसंख्य कृष्णवर्णीयांची सर्वांत संपन्न काउंटी हा मान आता तिच्याकडे गेला आहे. आपण प्रिन्स जॉर्जेस निवडलेच आहे तर चार्ल्सही घ्यावे. घर मुलाकडे न जाता मुलगाच वीस मैल पुढे नवे घर घेतो, असा तिसरा प्रकार आपल्याला तेथे सापडेल.