मदत हवी आहे: किडनी स्वॅपच्या यादीत ‘ओ’ गटाचे रुग्ण साचतात

घरच्या दात्याची किडनी जुळत नसलेली कुटुंबं आपसांत दाते बदलतात, त्या स्वॅपच्या जोड्या (रुग्ण आणि त्याचा दाता) रक्तगटानुसार जुळवणारा प्रोग्रॅम दोन ठिकाणी अडतोय. ए रुग्ण-बी दाता आणि त्याची उलट जोडी चटकन जमते. ओ रुग्ण-ए दाता मात्र पडूनच, कारण ओ रुग्णाला ओ दाताच लागतो, आणि ओ दाता सगळ्या गटांना चालत असल्यानं त्याचं बहुधा घरातच जुळतं. मग ए रुग्ण-ओ दाता अशा जुळणाऱ्या जोड्याही यादीत घ्याव्यात का? तरुण दाता मिळेल, एवढ्यावर त्या तयार होतात?

दुसरं, तीन जोड्यांना सहा ऑपरेशनं एकाच वेळी लागतात. शेवटचा एक क्रॉसमॅच (रुग्णाचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का, ही चाचणी) पॉझिटिव्ह आला की तिन्ही रुग्ण परत रांगेत. म्हणून एक जोडी गळाली तरी उरलेल्या दोघांची अदलाबदल शिल्लक राहील अशा तिघांच्या फेरीला जादा गुण द्यायचे, तर किती?

परोपकारी दात्याची (अनोळखी माणसानं दिलेल्या किडनीपासून सुरू होणारी) साखळी कृपया सुचवू नका; आपल्या कायद्यात स्वॅपला जवळचा नातेवाईकच लागतो.