'सेकंडरी स्वीट'ला मराठीत काय म्हणायचं?

बर्नाबीकर: मंडळाच्या पत्रकाचं भाषांतर करतेय, एका शब्दाशी अडलेय. इथे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात राहत्या घरातच वेगळं दार, वेगळं स्वयंपाकघर, वेगळी न्हाणी काढून भाड्यानं देतात, त्याला सेकंडरी स्वीट म्हणतात. वाक्य असं: 'पूर्वी बिल्डिंग कोडप्रमाणे त्याचं क्षेत्र 90 चौरस मीटरपर्यंतच आणि घराच्या राहण्याजोग्या क्षेत्राच्या 40 टक्क्यांच्या आत असावं लागे; डिसेंबर 2019 मध्ये ही अट उठली.' मागच्या पत्रकात 'बेसमेंट सूट' छापलं होतं. नुकत्याच आलेल्या एका मुलानं फोन केला, "ताई, भाड्यात किती सूट आहे?" बिचारा महिनाभर जागा शोधत होता. मी 'दुय्यम सदनिका' लिहिलं, तर एका ज्येष्ठांनी ते खोडून 'उपनिवास' केलं. दोन्ही कानाला बरं वाटत नाही.

माजघर: पोटघर! पोटमाळा, पोटकलम, पोटनिवडणूक हे सगळे शब्द आपल्या तोंडी आहेत. मोठ्याच्या पोटात लहान, हाच अर्थ हवा ना?

शनिपार: नको. पोटभाडेकरू म्हटलं की मालकाला न सांगता ठेवलेला माणूस आठवतो. कायदेशीर जागेला तो वास कशाला?

आमच्या वाड्यात मालक पुढच्या सोप्यात राहायचे, आम्ही मागच्या दोन खणांत. विजेचा मीटर एकच. पण आईची शेगडी वेगळी होती, म्हणून सगळे 'मागचं बिऱ्हाड' म्हणायचे. चूल वेगळी, बिऱ्हाड वेगळं. तोच शब्द घ्या.

तुंगभद्रा: बिऱ्हाडला माझंही मत. कन्नडात 'बिडार' म्हणजे मुक्कामाची जागा. हा शब्द तिकडूनच आला असावा असं मला वाटतं.

माजघर: बिऱ्हाड म्हणजे माणसं आणि त्यांचा संसार. विंचू ते पाठीवर घेऊन फिरतो. भिंतींना बिऱ्हाड कोण म्हणतं? '90 चौरस मीटरचं बिऱ्हाड' हे मराठी नाही.

शनिपार: 'तीन खोल्यांचं बिऱ्हाड' आम्ही रोज म्हणायचो.

साइटवरचा: मी इथे बांधकामात आहे. कोडच्या व्याख्येत मुख्य मुद्दा हा की दोन्ही मिळून मालमत्ता एकच. स्वीट सुटं विकता येत नाही. म्हणून 'सदनिका' चूक, ती आपल्याकडे विकत मिळते. मधली भिंत आणि छत आग रोखणारं लागतं, ते पत्रकात जरूर लिहा. आणि अट उठली म्हणजे वाटेल तेवढं बांधा असं नाही, नगरपालिकेची मर्यादा वेगळी असू शकते. तरी अट गेली ते चांगलंच झालं. पूर्वी 150 मीटरच्या घरात 60 मीटरचंही बसत नसे, दोन मुलांच्या कुटुंबानं राहायचं कुठे?

अमरावतीकर: 'राहण्याजोगं क्षेत्र' एवढं लांबण कशाला? सरळ 'चटई क्षेत्र' (कार्पेट एरिया) लिहा.

साइटवरचा: अजिबात नको. चटई क्षेत्राची व्याख्या आपल्याकडच्या 2016 च्या रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यात आहे: बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून, आतल्या भिंती धरून. इथला हिशेब वेगळा.

शनिपार: शिवाय एफएसआयलाही, म्हणजे भूखंडाच्या मानानं किती बांधता येतं त्या प्रमाणालाही, 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात. तो बांधीव (बिल्टअप) क्षेत्रावर काढतात, मग त्यात चटई आली कुठून? कार्पेटचं शब्दशः चटई केलं आणि तेही भलत्या ठिकाणी चिकटवलं.

अमरावतीकर: रुळलाय तो शब्द. महापालिकेचा कारकूनही तोच बोलतो. तुमच्या शुद्धीसाठी लोकांनी बोलणं थांबवायचं का?

शनिपार: शुद्धी नाही हो, अर्थ. कार्पेट समजून कुणी बिल्टअपचे पैसे मोजले तर?

बर्नाबीकर: पत्रक उद्या सकाळी छापायला जातंय. तूर्त 'घरातलं वेगळं बिऱ्हाड (सेकंडरी स्वीट)' लिहिते. 'स्वीट'च, 'सूट' नाही.

माजघर: पोटघर लिहिलं असतंत तर कंसाची गरज पडली नसती.

अमरावतीकर: शनिपार, मग चटईऐवजी काय म्हणायचं तेवढं सांगा.