आरओ ८० चं इंजिन खरंच इतकं नाजूक आहे का?

रोटरीवेडा: मी सध्या जर्मनीत आहे, इथे १९७२ ची एनएसयू आरओ ८० ही रोटरी इंजिनची (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतात ती) गाडी विकायला आहे आणि जीव अडकलाय तिच्यात. पण जो तो म्हणतो इंजिन टिकत नाही. मग त्याच काळातल्या, रोटरीच असलेल्या माझदा कॉस्मोला हा त्रास का नव्हता?

गॅरेजवाला_अण्णा: त्रास माझदालाही होताच. रोटरच्या टोकाचं सील (दाब अडवणारी पट्टी) इंजिनच्या घराच्या आतल्या भिंतीवर थरथरायचं आणि त्या भिंतीवर नखं ओढल्यासारखे चरे पडायचे. माझदाचे इंजिनिअर यामामोटो यांच्या टीमने कार्बन-अॅल्युमिनियमची सीलं बनवून ते आटोक्यात आणलं, मग १९६७ ला गाडी विकायला काढली. एनएसयूने त्याच वर्षी गाडी आणली, १९६८ ची कार ऑफ द इयर झाली, पण सुरुवातीच्या गाड्यांची सीलं लवकर झिजली आणि वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीचं कंबरडं मोडलं. नंतरची इंजिनं बरीच सुधारली, त्यामुळे ७२ ची असेल तर घाबरू नकोस.

सित्रोएनप्रेमी: दुर्मिळच हवी तर सित्रोएनची रोटरीवाली जीएस बिरोटोर बघ ना, जेमतेम ८४७ बनल्या, त्यातल्या बऱ्याच सित्रोएननेच परत विकत घेऊन भंगारात काढल्या, अजूनही वाईट वाटतं.

गॅरेजवाला_अण्णा: बिरोटोरचे पार्ट कुठून आणणार तो? रोटरीवेडा, आधी बॉनेट उघडून बघ, रोटरी काढून फोर्डचं साधं पिस्टनवालं व्ही४ इंजिन बसवलेलं नाही ना. मग इंजिन तापवून बंद कर आणि लगेच स्टार्टर मार, चटकन चालू झालं नाही तर कॉम्प्रेशन (इंजिनच्या आतला दाब) गेलंय समज. साध्या कॉम्प्रेशन गेजवर जाऊ नको, रोटरीचा टेस्टर प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवतो.