ती कोरी भिंत व्हर्मीरची नाही

सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या ‘उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणारी मुलगी’ या चित्रात उघडी खिडकी म्हणजे बाहेरच्या जगाची ओढ आणि मागची कोरी भिंत म्हणजे त्या मुलीचं एकटेपण, असा अर्थ लावला जातो. भिंतीचा मुद्दा आता टिकत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयातल्या या चित्रात (साधारण १६५७-५९) त्या भिंतीवर मुळात क्युपिडचं, म्हणजे रोमन प्रेमदेवतेचं, मोठं चित्र टांगलेलं होतं. १९७९ च्या क्ष-किरण तपासणीत ते दिसलं, पण ते व्हर्मीरनेच झाकलं असं कितीतरी वर्षं धरून चालले. २०१७ पासूनच्या जीर्णोद्धारात कळलं, की क्युपिडवर वॉर्निश, त्यावर मळाचा थर आणि त्याच्याही वर भिंतीचा रंग आहे. एवढा मळ साचायला काही दशकं लागतात. व्हर्मीर तर १६७५ मध्येच गेला. म्हणजे क्युपिड झाकला तो नंतर दुसऱ्याच कुणीतरी. खालचं वॉर्निश जपण्यासाठी वरचा रंग सूक्ष्मदर्शकाखाली, स्काल्पेलने कणाकणाने खरवडावा लागला. २०२१ मध्ये पूर्ण क्युपिड समोर आला, मुखवटे पायदळी तुडवणारा. म्हणजे ढोंगावर मात करणारं खरं प्रेम.

आता खिडकी पुन्हा पाहा. मुलगी बाहेर बघतच नाही, नजर पत्रावर आहे. आत उघडलेल्या तावदानांत तिचाच चेहरा उमटलाय. मला तरी ही खिडकी बाहेरची वाट वाटत नाही, आरसा वाटते.