बोथट तलवार, ग्राइंडर आणि साडेसात हजारांची माती

भुसावळचा नाना

दोन दिवसांपूर्वी इथे एका भाऊंनी फोटोसकट टाकलं होतं. ज्यांचं हुकलं त्यांच्यासाठी थोडक्यात: १७९६ च्या ब्रिटिश घोडदळी तलवारीची प्रतिकृती मागवली, साडेसात हजार पडले, आली ती बोथट. मग चौकातल्या वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडर मारून वीस मिनिटांत धार. वर उपदेश: "धार नाही ती तलवार कसली, लोखंडाची पट्टी. दसऱ्याआधी सगळ्यांनी लावून घ्या." खाली दीडशे बदाम.

मी गप्पच बसणार होतो. बायको म्हणाली, लिहून टाका एकदाचं, जेवणात लक्ष नाही तुमचं.

तर भाऊ, तुमच्याच फोटोत टोकाकडे जांभळा-निळा पट्टा दिसतोय. लोक त्याला "काय चमक आहे" म्हणून नावाजताहेत. ती पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरल्याची खूण आहे. पोलाद तापत गेलं की आधी गवतासारखं पिवळं, मग तपकिरी, मग जांभळं आणि मग निळं पडतं. निळं म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास. धारेशी पातं कागदासारखं पातळ, चकती दोन सेकंद एका जागी थांबली की झालं. कारखान्यात पाणी पाजून जो कडकपणा आणला होता तो गेला, आणि आता कितीही पाजळा, धार बसणार नाही. मुडपेल.

माझी तेहतीस वर्षं टूलरूममध्ये गेली. धार कशी लावायची ते ऐका. पातं दोन फळ्यांत, मध्ये गोणपाट घालून शिकंज्यात धरा. धारेच्या कडेला स्केचपेनने रेघ मारा, म्हणजे कानस कुठे लागतेय ते कळतं. बारीक कानस, एकाच दिशेने, या बाजूला दहा तर त्या बाजूला दहा. बोथट प्रतिकृतीची कड दीड-दोन मिलिमीटर जाड असते, त्यामुळे एक रविवार नाही, तीन रविवार लागतात. मग दगड, आधी खरबरीत, मग मऊ, आणि पाणी सतत. विळ्यासारखी पातळ धार नको, कुऱ्हाडीसारखी जाडही नको, मधली. आणि टोकाकडचे दहा इंच पुरेत. मुठीकडचा भाग वार अडवायचा, तिथे धार लावून काय भाजी चिरायचीय?

आणि त्याही आधी, विकत घेताना मुठीच्या आत काय आहे ते विचारा. मी पहिली घेतली तेव्हा विचारलं नव्हतं. केळीचा घड काढून झाला होता, खांब तोडायचेच होते, म्हटलं बघू हात मारून. पहिला खांब कापला. दुसऱ्याला मूठ माझ्या हातात राहिली आणि पातं विहिरीच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यात जाऊन घुसलं. पातं मुठीत गेलेलंच नव्हतं, आत नुसता बोटभर जाडीचा बोल्ट वेल्ड केलेला. सालदार तिथून नुकताच बादली घेऊन गेला होता.

समशेर_२३

ती पोस्ट माझी. नाव घ्यायला लाजताय का नाना? फोटोतला निळा रंग ट्यूबलाइटचा आहे. माझ्या तलवारीने कागद सरसर कापला जातो, व्हिडिओ टाकू का? सगळ्यांनाच टूलरूममध्ये नोकरी लागत नाही. आमच्या वेल्डिंगवाल्याने गावातले अर्धे कोयते पाजळलेत, आजवर एकही परत आला नाही.

पारोळ्याचा गडी

कोयते परत येत नाहीत कारण दोनशे रुपयांत नवा मिळतो.

पण नानांचंही सगळं मान्य नाही. "टोकाकडचे दहा इंच पुरेत" हे पुस्तकी. नोलन नावाचा ब्रिटिश घोडदळाचा कॅप्टन १८५३ साली लिहून गेलाय (पुढच्याच वर्षी क्रिमियात मेला). निजामाच्या बिनकवायती रिसाल्याने, म्हणजे आपल्या अजिंठ्याच्या डोंगरापलीकडच्या स्वारांनी, चकमकीत असे वार केले की हातपाय तुटून पडले. त्याला वाटलं काही खास तलवारी असतील. बघतो तर काय, इंग्रजांनीच मोडीत काढलेली जुनी पाती! स्वारांनी त्यांवर आपल्या पद्धतीची लहान, चपटी मूठ बसवली होती आणि धार मुठीपासून टोकापर्यंत, वस्तऱ्यासारखी. टोकापुरती नाही, नाना. मुठीपासून.

आणि परवा कुणीतरी विचारलं होतं की इंग्रजाची तलवार दसऱ्याला पुजायची कशाला, त्यालाही हेच उत्तर. पातं त्यांचं, मूठ आपली, हात आपला.

भुसावळचा नाना

गडी, अर्धंच सांगितलंत. त्याच स्वारांच्या म्याना लाकडाच्या होत्या आणि लढाईशिवाय तलवार बाहेर निघत नव्हती. इंग्रज शिपाई लोखंडी म्यानात रोज कवायतीला आत-बाहेर करायचा, म्हणून त्याची बोथट. तुमच्या प्रतिकृतीला म्यान कसलं आहे? लोखंडी. म्हणजे मुठीपर्यंत धार लावा आणि म्यानात घासून महिन्यात घालवा. लाकडी म्यान करून घेणार असाल तर लावा हवी तिथवर. चला, एवढं तुमचं.

काळा कोट, धुळे

कुणी कायद्याचं बोलणार आहे की नाही? आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतून खेळणं वगळलंय, पण कुठलं? जे खेळण्यापलीकडे वापरता येत नाही आणि कामाच्या शस्त्रात बदलताही येत नाही असं. तुम्ही बोथट प्रतिकृतीला धार लावून "बदलता येतं" हे स्वतःच सिद्ध करून फोटोसकट चिकटवलंय. आर्म्स रूल्स २०१६ बघा: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं, घरकाम-शेतीचं नसलेलं, म्हणजे शस्त्रच. तुमचं पातं तेहतीस इंच. पेपरात रोज "४/२५ प्रमाणे गुन्हा" वाचता ना, आर्म्स ॲक्टचं कलम ४ आणि २५, तो हाच. वर कलेक्टरचा मनाई आदेश लागू असला की मिरवणुकीत नुसती हातात धरली तरी महाराष्ट्र पोलीस ॲक्टचं कलम ३७ आणि १३५ आहेच. दर लग्नसराईत एक तरी नवरदेवाचा काका माझ्याकडे येतो.

समशेर_२३

वकीलसाहेब, म्हणजे खान्देशातला प्रत्येक नवरदेव आरोपी? आमच्याकडे हातात कट्यार नाही तर तलवार असल्याशिवाय नवरदेव घोडीवर बसत नाही. उचला सगळ्यांना.

यावलची माहेरवाशीण

बरं झालं विषय निघाला. माझ्या मामेभावाचं लग्न. तलवार दरवेळी घोडीवाल्याकडून भाड्याने यायची, पत्र्याची, मखमली म्यानाची. यावेळी त्याच्या मित्रांनी "खरी" आणली, अशीच ऑनलाइनची, धार लावून. टोकाला लिंबू खोचलेलं. डीजे सुरू झाला, घोडी बिचकली, भावाने लगाम धरायला हात सोडला. मी करवली म्हणून शेजारीच होते. खाली पडतेय म्हणून झेलायला गेले. सात टाके, डाव्या तळहाताला. मुहूर्त चुकू नये म्हणून अक्षता पडल्या, मी दवाखान्यात शालूवर रक्त बघत बसलेले. अजून थंडीत करंगळी वाकत नाही.

त्या मित्रांपैकी एकानेही विचारलं नाही. "ताई, तुम्ही झेलायची नव्हती," एवढं मात्र ऐकवलं.

पारोळ्याचा गडी

ताई, वाईट वाटलं. पण लिंबाचं एक सांगतो. लोक म्हणतात दृष्ट लागू नये म्हणून. माझ्या आजोबांचं म्हणणं वेगळं होतं: गर्दीत कुणाच्या डोळ्यात टोक जाऊ नये म्हणून.

यावलची माहेरवाशीण

लिंबू टोकाला होतं हो दादा. माझा हात धारेवर पडला. कलिंगड लावायला हवं होतं.

घोडेवाला, शहादा

नाना, बरं करं, लिखी टाकं. पन आमनी घोडीले कोन्हीच इचारत नही. सगळा दोष तलवारीचा! ताई, तुमची घोडी तलवारीने नाही, डीजेने बिचकली. मी सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी जनावर घेतो, महिनाभर ढोल-ताशा ऐकवून तयार करतो. पण छातीवर ते कर्ण्यांचं ट्रॅक्टर आणून ठोकलं की कुठलं जनावर थांबेल? मागच्या मे महिन्यात माझ्या घोडीच्या कानातून रक्त आलं. नवरदेवाचा बाप म्हणतो, घोडीचे पैसे कापू, नाचली नाही. तलवार बोथट करा नाहीतर धारदार, आधी डीजे बंद करा.

समशेर_२३

आता घोडीवर गेला विषय. छान.

घोडेवाला, शहादा

घोडदळाची तलवार म्हणता आणि घोड्याचं नाव काढलं की राग येतो? आयुष्यात घोड्यावर बसलात का कधी? त्या वाकड्या तलवारीचा वार घोडा पळत असताना करायचा असतो, गॅलरीत उभं राहून नाही.

काळा कोट, धुळे

डीजेचा कायदा वेगळा आहे, त्यावर वेगळा धागा काढा.

घोडेवाला, शहादा

वकीलसाहेब, तुमच्याच मुलाच्या लग्नात डीजे होता. घोडी माझी होती.

काळा कोट, धुळे

तो व्याह्यांचा हट्ट होता.

भुसावळचा नाना

घोडेवाले बरोबर बोलले, एका बाबतीत. ती १७९६ ची रचना ले मार्शां नावाच्या अधिकाऱ्याची. फ्लँडर्सच्या मोहिमेत आपल्याच स्वारांच्या तलवारी किती बेढब आहेत ते त्याने पाहिलं. त्यातून टोकाकडे रुंद, एका नळीचं (अंगावर एकच लांब खाच), वाकडं पातं आलं, निव्वळ कापायला. नंतरची १९०८ ची सरळ तलवार भोसकायला. म्हणजे १९०८ ची प्रतिकृती घेऊन धार लावत बसणारा तर आणखी शहाणा. असो. खरं पातं मुठीशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं. स्वस्त प्रतिकृतीत सगळीकडे सारखंच जाड, म्हणून हातात घेतली की पहार धरल्यासारखं वाटतं. समशेर, तुमची कशी वाटते?

समशेर_२३

पहारेसारखी नाही. थोडी पुढे ओढते.

भुसावळचा नाना

म्हणजे पहारेसारखी.

एक काम करा. वाद नको. बारीक कानस घ्या, त्या निळ्या पट्ट्यावर हलकेच फिरवा आणि मग पाठीकडच्या बाजूला फिरवा. पाठीवर कानस जेमतेम चावली आणि धारेवर लोण्यासारखी, तर मी म्हणतो ते खरं. दोन्हीकडे जेमतेम चावली तर मी इथे सगळ्यांसमोर माफी मागतो. आणि दोन्हीकडे लोण्यासारखी चावली तर स्टीलच कच्चं, वेल्डिंगवाल्याचीही चूक नाही.

पारोळ्याचा गडी

नाना माफी मागणार? मी स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

समशेर_२३

केलं. पाठीवर जेमतेम चावली. टोकापासून चार-साडेचार इंचांपर्यंत धारेवर लोण्यासारखी चावली, बारीक किसही निघाला. पुढे मुठीकडे परत जेमतेमच. आणि केळीच्या दांड्यावर मारून पाहिली तर टोकाजवळ धार एका बाजूला वळली, नखाला लागते. वर केळीच्या चिकाने पातं काळं झालं ते वेगळंच.

घ्या, जिंकलात. साडेसात हजारांची केक कापायची सुरी घेतली मी. करा हार-तुरे.

काळा कोट, धुळे

केकही कापू नका. त्यावरही गुन्हे झालेत.

यावलची माहेरवाशीण

समशेरदादा, एक विचारते, रागवू नका. धार लावून करणार काय होतात?

समशेर_२३

काही नाही ताई. दसऱ्याला पाटावर ठेवायची, झेंडूचं फूल वाहायचं. वडिलांकडे विळाच असायचा पूजेला, वाटलं यंदा तलवार असावी.

भुसावळचा नाना

अहो मग पूजेला धार कशाला? आणि आमच्याकडेही विळाच असतो, कानसही असते पाटावर.

ते चार इंच वाया गेलेत असं समजू नका. निळं पडलेलं पोलाद कानसेने हळूहळू उतरवायचं, दोनेक मिलिमीटर, खाली चांगलं लागेल. तसं लागलं नाही तर टोक पुन्हा गोल करून बोथटच ठेवू. चीक लिंबाने घासा आणि नंतर शिलाई मशीनचं तेल लावा, खायचं तेल नको, चिकट होऊन धूळ धरतं. ग्राइंडर त्या वेल्डिंगवाल्याकडेच राहू द्या. रविवारी या माझ्याकडे, शिकंजा आहे. जेवायला वरण-बट्टी.

समशेर_२३

येतो. तलवार मोटारसायकलला बांधून आणू का गोणपाटात?

काळा कोट, धुळे

नको.

भुसावळचा नाना

बरं, मीच येतो. कानस बाळगायला परवाना लागत नाही ना, वकीलसाहेब?