अबुल, अबू, अबी, अबा : अरबी 'कुन्या'ची भानगड

प्रश्न : मौलाना अबुल कलाम आझाद आणि अकबराच्या दरबारातला अबुल फजल. दोघांच्याही नावात 'अबुल' आहे. हे त्यांचं पाळण्यातलं नाव का? अब्दुल कलामांच्या 'अब्दुल'शी त्याचं काही नातं?

उत्तर : पाळण्यातलं तर नाहीच, आणि 'अबुल' एकटं उभंही राहत नाही. अबू म्हणजे बाप. त्याला अरबीतलं 'अल्' हे उपपद चिकटलं आणि पुढे फजल (कृपा, थोरवी) आलं, की होतं 'अबुल-फजल'. तेव्हा नुसतं 'अबुल म्हणाला' असं लिहिणं म्हणजे 'चे बाबा म्हणाले' असं लिहिण्यासारखं आहे. 'अब्दुल'चीही तीच गत, पण मूळ शब्द वेगळा. तिथे 'अब्द' म्हणजे दास. आपल्याकडे या दोन कलामांची सर्रास अदलाबदल होते, म्हणून एवढं सांगितलं.

अमक्याचा बाप किंवा अमक्याची आई (उम्म) अशा नावाला अरबीत कुन्या म्हणतात, उर्दूत कुनियत. थोरामोठ्यांचं खरं नाव तोंडावर घ्यायचं नाही, हा त्यामागचा रिवाज. बहुधा थोरल्या मुलाचं नाव लागतं, पैगंबर मुहंमद यांची कुन्या 'अबुल-कासिम' होती तशी. पण मुलगाच हवा असं नाही. पैगंबरांचे सहकारी तमीम अद्-दारी हे 'अबू रुकय्या', आणि रुकय्या ही त्यांची मुलगी.

खरी गंमत पुढे आहे. बाप म्हणजे प्रत्येक वेळी बापच असं नाही, 'त्या गोष्टीचा धनी' असाही अर्थ होतो. आझादांचं मूळ नाव मुहियुद्दीन अहमद. अबुल कलाम म्हणजे वाणीचा बाप, आपल्या भाषेत वाक्पटू. हदीस (पैगंबरांची वचनं आणि आठवणी) सांगणारे अबू हुरैरा म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप. त्यांना मांजरांचा लळा होता. इजिप्तमधल्या गिझाच्या स्फिंक्सला अरबीत 'अबुल-हौल' म्हणतात, म्हणजे भयाचा बाप. आणि अबू धाबी? तिथला बाप हरणाचा आहे. (आपलं माउंट अबू मात्र यात ओढू नका, ते अर्बुदावरून आलंय.)

प्रश्न : म्हणजे आपल्याकडच्या 'बंड्याचे बाबा'सारखंच की!

उत्तर : सारखं आहे, पण पुरतं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बायको 'बंड्याचे बाबा' म्हणते. ते घरातलं, फार तर चाळीतलं. अरबांत ते अख्खा गाव म्हणतो, आणि इतिहासातही माणूस त्याच नावाने उरतो. पहिले खलिफा अबू बक्र यांचं नाव अब्दुल्ला होतं, हे कितीजणांच्या लक्षात असतं? शिवाय बंड्या जन्माला आल्याशिवाय त्याचे बाबा होत नाहीत, कुन्येला ती अट नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांना मूल नव्हतं, तरी बहिणीच्या मुलावरून त्या 'उम्म अब्दुल्ला' झाल्या. पॅलेस्टाइनचे नेते यासर अराफत यांना मुलगा नव्हता, तरी ते जगभर 'अबू अम्मार'. त्यांच्यानंतरचे महमूद अब्बास 'अबू माझिन', तिथे मात्र मुलाचंच नाव आहे.

दरवेळी आदरच असतो असंही नाही. पैगंबरांचा चुलता आणि कट्टर विरोधक अबू लहब, म्हणजे ज्वाळेचा बाप. कुराणाच्या १११व्या सूऱ्यात (अध्यायात) तो 'ज्वाळांच्या आगीत' जाईल असं बजावलंय, तिथेही शब्द लहबच. कुन्या त्याच्यावरच उलटवली आहे.

प्रश्न : मग 'अली इब्न अबी तालिब' असं का लिहितात? अबू हवं ना?

उत्तर : चूक नाही, ते अरबी व्याकरण आहे. आपल्याकडे 'घोडा'चं सामान्यरूप 'घोड्या' होतं, तसा 'अबू'ही रूप बदलतो. कर्ता असला की अबू. 'चा, ची, चे'चा अर्थ आला किंवा आधी शब्दयोगी अव्यय आलं (अरबीत ते नामाच्या आधी येतं) की अबी. अलींच्या वडिलांची कुन्या अबू तालिब, पण 'अबू तालिबचा पुत्र' म्हणताना 'इब्न अबी तालिब'. तिसरं रूप अबा, ते कर्माचं. अशा जोडनावाला हाक मारतानाही तेच येतं. याचं सगळ्यांत गोड उदाहरण हदीसमध्ये आहे. एका लहान मुलाचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा पैगंबरांनी त्याला विचारलं, 'या अबा उमैर, मा फअलन्-नुगैर?' म्हणजे, अरे अबू उमैर, तुझ्या चिमण्या पाखराचं काय झालं? उमैर-नुगैर हे यमक पोराला हसवायला. त्या पोराला कुठला मुलगा असणार? पण कुन्या होतीच.

माघरेबात, म्हणजे मोरोक्को-अल्जीरिया-ट्युनिशियाकडे, अबूचा नुसता 'बू' उरतो : बूमेदियन, बूतफ्लिका, बूर्गीबा ही तिकडच्या राष्ट्राध्यक्षांची नावं पाहा. स्पेनमधल्या ग्रॅनडाचा शेवटचा मुस्लीम राजा, ज्याने १४९२ साली शहर सोडलं, तो स्पॅनिश लोकांच्या तोंडी 'बोआब्दिल' झाला. मुळात अबू अब्दुल्ला.

मराठीत लिहिताना माझं मत असं : आधी काही नसेल तिथे अबू, 'इब्न'नंतर अबी, आणि अबुल-फजलसारखं नाव सूचीत घालायचं तर अख्खंच 'अ'खाली. 'फजल, अबुल' असं उलटवलेलं एका सूचीत पाहिलं, तेव्हा वाटलं बापाला पोरापासून तोडला.